काळ्या कोटाचं अंतर

आमच्या आईचं पाऊल म्हणजे बरोबर अडीच फूट. ऑस्ट्रेलियात डाल्बीजवळच्या आमच्या शेताची सगळी कुंपणं तिनं बाबांबरोबर पावलांनी मोजून घातली. पुढे सर्वेवाल्यांनी फीत लावली तेव्हा चूक निघाली ती त्यांच्याच जुन्या नकाशात. आईशी, म्हणजे एनिड ट्रँटर या बाईशी, अंतरावरून वाद घालू नये, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक असून मी घातला.

तण मारणारा रोबो घेतला तेव्हा त्याची नजर तपासायला ब्रिस्बेनहून थुई नावाची इंजिनियर मुलगी आली. त्याची नजर म्हणजे काय, तर पुढे सोडलेला उजेड आदळून परत येतो त्यावरून अंतर ओळखायचं. थुईनं गव्हाच्या धसकटांत पांढरी फळी उभी केली. रोबोनं ती बत्तीस मीटरवरून हेरली. पूर्ण वेगात असला तरी थांबायला त्याला पाच मीटर पुरत. माझी छाती फुगली.

"पोरी," आई म्हणाली, "आमच्याकडे शेतात पांढरी फळी पांघरून कोण झोपतं?"

झोपायचा तो मॉस, आमचा काळाकुट्ट, ठार बहिरा म्हातारा कुत्रा.

"मग त्यालाच आडवा घाल की!" मी चिडवलं.

मॉसला पणाला लावायला आई वेडी नव्हती. तिनं अंगातला काळा मेणकापडी कोट काढला, त्यात पेंढा कोंबला आणि धसकटांत आडवा टाकला.

रोबो आला. अगदी जवळ येईपर्यंत त्याला काही दिसलंच नाही. थांबला तेव्हा पुढचं चाक कोटाच्या पाठीवर होतं. थुईनं रोबोच्या नोंदी पाहिल्या.

"काकू, काळा रंग उजेड गिळतो. चार मीटरवर दिसला."

"मग चाराच्या आत थांबेल इतकंच पळव त्याला."

वेग निम्मा केला. या खेपेला रोबो कोटाच्या दोन पावलं अलीकडे थांबला.

"एका कुत्र्यापायी दिवसाचं काम दोन दिवस?" मी वैतागलो.

"तुला कुठली गाडी पकडायचीय, रॉस?"

कोटावरचा चाकाचा ठसा घासूनही निघाला नाही. आई तो तसाच वापरायची.

जुलैत एका झिमझिम पावसाच्या सकाळी फोनवर रोबोचा निरोप आला : रोबो पलीकडच्या शेतात थांबलाय. कांगारू आडवा आला असणार, म्हणून मी शिव्या घालतच गेलो. रोबो पिवळा दिवा लुकलुकवत उभा होता. त्याच्यापुढे धसकटांत काळा कोट पडला होता आणि पाठीवर तो ठसा. आत आई होती. घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, हलता येत नव्हतं. मॉस तिच्या उशाशी बसला होता.

मी तिच्याजवळ बसलो. मला हवा तो वेग ठेवला असता तर ते चाक कुठं असतं, ते कोटावर छापलेलंच होतं. त्या यंत्रापुढे आणि या बाईपुढे डोकं टेकावं असं वाटलं. मला रडू आवरेना.

"रडतोस काय?" आई कण्हत म्हणाली. "आधी अंतर मोज. थुईला कळवायचंय."

फोन करून अँब्युलन्स बोलावली आणि पावलांनी मोजलं.

"दोन पावलं, आई."

"तुझी ढांग मोठी आहे," ती म्हणाली. "अडीच धर."