हजेरी चुकली म्हणून

मंडळी, दुपारीच साताऱ्याच्या कोर्टातून परतले. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

माझा धाकटा भाऊ शंकर बांधावरच्या मारामारीपायी शिक्षा भोगत होता. पॅरोलवर सुटला तेव्हा अट एकच होती, दर सोमवारी मेढ्याच्या चौकीत हजेरी. तेवढ्यात गावात पटकीची साथ आली आणि सरकारनं वेशीवर शिपाई बसवला. शंकर सोमवारी निघाला, तर शिपायानं त्याला मागं पाठवलं. इकडं हजेरी चुकली म्हणून कोर्टानं पॅरोल रद्द केला.

आज त्यावरचं अपील होतं. तोच शिपाई साक्षीला उभा राहिला.

"व्हय सायेब, मीच अडवलं. लय इनवत हुता. पर हुकूम हुता, कुणालाबी सोडायचं न्हाई."

जज्जसाहेबांनी शंकरला विचारलं, "मग चौकीत निरोप का पाठवला नाहीस?"

"कुणासंगं पाठवू सायेब? कुणालाच सोडत न्हवते."

अट ती अट, म्हणत त्यांनी अपील फेटाळलं. बेड्या घालताना शंकर म्हणाला, "आक्का, शिपायाला चुकवून गेलो असतो तर?"

"तरीबी हुकूम मोडला म्हणून धरलंच असतं रं तुला," मी म्हणाले.

तुम्हीच सांगा, त्या सोमवारी त्यानं काय करायला हवं होतं?