हिलालनानांची चाकं आणि माझं गप्प राहणं

हिलालनानांची आणि माझी पहिली भेट सुरतेत, त्यांच्या डिंडोलीच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. मी तेव्हा मराठी शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो आणि सायकलवर कन्याकुमारीला जायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. नानांनी माझी सायकल उलटी केली, मागच्या चाकाजवळ कान नेला आणि एकेक स्पोक नखानं वाजवत गेले. मग म्हणाले, "सर, हाई चाक नवसारीलोंग बी जावाव नही." सायकल कोरी करकरीत होती, त्यामुळे मला राग आला. मी हट्टानं निघालो आणि नवसारीच्या अलीकडेच दोन स्पोक तुटले. सायकल टेम्पोत घालून परत आलो, तेव्हा नानांनी टोमणा मारला नाही. चहा मागवला आणि चाक बांधायला शिकवायला बसवलं. त्यानंतर माझा जवळजवळ प्रत्येक रविवार त्या शेडमध्ये गेला.

नाना मूळचे धुळ्याकडचे. बमरोलीच्या पॉवरलूमवर त्यांनी चाळीसेक वर्षं लूम दुरुस्त करण्यात घालवली. ताण्याच्या हजारो धाग्यांचा ताण सारखा राखायचा, हे त्यांचं काम. चाकाच्या छत्तीस स्पोकचं काय घेऊन बसलात! रिम, हब आणि स्पोक समोर ठेवले की त्यांची बोटं चालू लागत, आणि चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना येणारा वाकडेपणा, शेवटी ते कानानं काढत. सगळे स्पोक एका सुरात वाजले की चाक तयार. नानांनी बांधलेली चाकं पुढे इराणात, तुर्कस्तानात, पार दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत फिरली. शेडमध्ये शाळेतला एक जुना जगाचा नकाशा टांगलेला होता आणि त्यावर कोण कुठून गेलं ते लूमवरच्या रंगीत धाग्यांनी दाखवलेलं होतं. नाना स्वतः मात्र दर उन्हाळ्यात नवापूरमार्गे गावी जायचे, तेवढाच त्यांचा प्रवास.

जगप्रवासाला निघणाऱ्यांसाठी नानांची एक यादी असे. जास्तीचे स्पोक किती न्यायचे, ते फ्रेमला कुठे चिकटवायचे, कोणत्या देशात कोणत्या मापाचं टायर मिळत नाही, समुद्रकाठानं जाताना हबला ग्रीस कितीदा लावायचं. परतलेल्या माणसांनी जे सांगितलं ते नाना त्यात घालत. माझं अक्षर बरं म्हणून यादीच्या प्रती मी काढायचो. परदेशी जोडपी सुरतेवरून जाताना दोन-दोन दिवस नानांकडे मुक्काम करत आणि नानी त्यांना कळण्याची भाकरी खायला घालत. मिरचीच्या ठेच्यानं एका गोऱ्या पाहुण्याची काय अवस्था झाली, ते नाना आजही साभिनय करून दाखवतात.

पण माया वेगळी आणि काम वेगळं. सामान लादून सापुताऱ्याचा घाट चढून आल्याशिवाय नाना कुणाला "जा" म्हणत नसत. दम लागलेल्याला दम लागला असं तोंडावर सांगत. अशा माणसाशी मी जे केलं, ते आता सांगायला हवं. नानांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या गौरव समितीनं मला 'नानांची कारागिरी' या विषयावर लिहायला सांगितलं आहे आणि ते सांगितल्यावाचून तो विषय पुरा होत नाही.

नानांना ऐकू येणं कमी होत गेलं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. लूमच्या खडखडाटात माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात आणि घरी आल्यावरही ती सवय जात नाही. नानांच्या गल्लीत सगळेच तसे बोलतात. तिथे एकाचे कान गेले तर कळणार कसं? मला कळलं ते चाकावरून. एका रविवारी नाना नेहमीसारखे स्पोक वाजवत होते आणि मान डोलावत होते, पण मागच्या चाकाचे चार स्पोक साफ ढिले होते. मला ते लांबून ऐकू येत होतं.

मी काहीच बोललो नाही. ज्यांनी मला ऐकायला शिकवलं, त्यांना "तुम्हाला ऐकू येत नाही" असं कोणत्या तोंडानं सांगायचं? नाना जेवून आडवे झाले की मी स्पोकची चावी घ्यायचो आणि त्यांच्या चाकाचा आऊट पुन्हा काढून ठेवायचो. तीन वर्षं मी हे केलं. मला वाटायचं, मी गुरूंची लाज राखतोय. मला स्वतःचं कौतुकही वाटायचं, तेही लिहून टाकतो.

त्याच सुमारास वैशाली तयारीला लागली. ती आमच्याच डिंडोलीची, शाळेत खेळ शिकवणारी. वडील लूमवर. नोकरी सोडून तिनं एकटीनं मध्य आशियातून युरोपला जायचं ठरवलं. सापुतारा तिनं दोनदा चढून दाखवला. तिचं मागचं चाक नानांनी स्वतः बांधलं. त्या आठवड्यात मी भाचीच्या लग्नाला जळगावला होतो. परत आलो तेव्हा ती निघून गेली होती. मला काळजी वाटली. फोन करून "वाटेत कुठे तरी चाक तपासून घे" एवढं सांगता आलं असतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं. मी फोन केला नाही.

ताजिकिस्तानच्या डोंगरात तिचे चेनच्या बाजूचे स्पोक एकामागून एक तुटले. जास्तीचे होते तेही संपले. ट्रकमधून खाली यावं लागलं आणि तिथून घरी. गल्लीनं निकाल दिलाच होता: पोरीची जात, एवढं ओझं न्यायला कुणी सांगितलं होतं? तिलाही ते पटलं. चाक घेऊन ती शेडमध्ये आली आणि नानांना खुणेनं, हात जोडून म्हणाली, "ओझं माझंच जास्त झालं, नाना." नानांनी चाक हातात फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून शेड बंद झाली. हात थकले, असं ते सगळ्यांना सांगू लागले. मी तिथेच उभा होतो आणि तेव्हाही गप्प राहिलो.

इथवरचा लेख समितीकडे देण्याआधी मी नानांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून, ओळींवर बोट ठेवून तो वाचला. मग म्हणाले, "मना कान गयात. हात नही गयात. तू मले सांगं का बरं नही?" मी सांगितलं असतं, तर नाना बोटांनी ताण ओळखायला शिकले असते, किंवा मला शेजारी बसवून माझे कान वापरले असते. ती संधी मी त्यांच्याकडून काढून घेतली. मी रडलो. नानांनी कागदांची घडी घालून माझ्या हातात दिली. "हाई पहिले तिले धाड. तिले वाटस, चुकी तिनीच शे."

मी स्वतः गेलो. वैशालीनं दारात उभ्यानं लेख वाचला. मला वाटलं, ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "सर, सायकल तर मी देऊन टाकली. इच्छापोरला मामेभाऊ आहे, तो तिच्यावर कंपनीत जातो." मग तिनं कागद परत दिले आणि दार लोटून घेतलं.

हे मी नानांना पाटीवर लिहून सांगितलं. त्यांनी वाचलं आणि मला नवी रिम आणायला पाठवलं.

ती येवो न येवो, तिच्यासाठी चाक बांधणं सुरू झालं आहे. काम फार हळू चालतं. नाना स्पोक आवळतात, मी वाजवून ऐकतो आणि जो ढिला असेल त्याकडे बोट दाखवतो, गल्लीतल्या सगळ्यांसमोर. दर वेळी नानांचा चेहरा पडतो. मी तरीही दाखवतो.

अमृतमहोत्सवी वर्षात हिलालनानांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. माझ्यापुरती तिच्यात एक भर आहे. त्यांचा पडलेला चेहरा पाहूनही खरं सांगत राहण्याचं बळ मला शेवटच्या स्पोकपर्यंत मिळो.