प्लग माझ्या हातात होता

प्लग माझ्या हातात होता आणि पेटी चालू होती.

पंखा घुरघुरत होता, पुढचा हिरवा दिवा लुकलुकत होता. अख्ख्या वाड्यावरची लाइट गेलेली. मी तारेवरून हात फिरवत गेले... तार पेटीच्या मागून निघत होती, आणि तिचं टोक माझ्या मुठीत होतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या कोरगावात प्रत्येक वडाखाली कोणी ना कोणी काहीतरी बघितलंय. मी काजूच्या बागेतून अंधारात जन्मभर ये-जा केली, मला रानडुकराशिवाय काही भेटलं नाही.

पेटी म्हणजे घरचा सर्व्हर. माझा मुलगा नीलेश मस्कतला असतो, त्याने बसवलेला. घरातले फोटो त्यात आहेत आणि माझ्या नवऱ्याची भजनं. ते आता नाहीत. एका रेकॉर्डिंगमध्ये अभंग मध्येच सोडून ते चहा गार झाला म्हणून ओरडतात, "अगो, च्या निवली मगो!" मला लोक वहिनी म्हणतात, आई म्हणतात, आजी म्हणतात. 'अगो' म्हणणारं आता कोणी नाही. ते फक्त त्या पेटीत होतं.

दसऱ्यानंतर पेटीतली डिस्क टकटक वाजू लागली. नीलेश फोनवर म्हणाला, "आई, हे सॉफ्टवेअर जुनं झालं, डिस्कही मरायला टेकलीय. सगळं एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकूया. पेटीच नको."

"पेटी रवतली."

"कशाक गे? धूळ पुसूक?"

"घरात कायतरी आवाज करणारा असूं दी रे."

मग पेटी घरातच ठेवता येईल असं दुसरं सॉफ्टवेअर त्याने शोधलं, नवी डिस्क पाठवली. व्हिडिओ कॉलवर तो सांगत गेला तसे मी स्क्रू काढले, डिस्क खोचली. जुनीवरचं नवीवर घ्यायला त्याने तिथूनच सुरुवात केली.

"आई, जुनी डिस्क ही एकदाच चालतली. मध्ये बंद पडली तर परत उठची नाय. पेटयेक हात लावू नको."

"लावत नाय."

दुपारी हरमलच्या बाजूने गडगडायला लागलं. आमच्याकडे गडगडलं की प्लग काढतात, हाताला सवयच आहे. फ्रिज काढला, टीव्ही काढला, इंटरनेटचा डबा काढला... आणि पेटी. तेव्हाच मोठा कडकडाट झाला आणि लाइट गेली. मग कळलं मी काय केलं ते.

पण पंखा थांबलाच नाही.

प्लग परत खोचून उपयोग नव्हता. मी जमिनीवर बसले, पेटीवर हात ठेवला. गरम होती. आतून टकटक चालूच. पाऊस ओसरल्यावर एकदा जोरात टक झालं आणि सगळं थांबलं. घर इतकं गप्प झालं की मागच्या पागोळ्या मोजता आल्या असत्या.

शेजारी माझी जाऊ राहते, शालन. तिला सांगितलं तर म्हणाली, "वयनी, आत बॅटरी असतली." मग हसून, "न्हय तर भावजी इले असतले, च्या पिवक." मी तिला म्हटलं, तोंड बंद कर.

लाइट आल्यावर पेटी लावली. नीलेशचा फोन आला. "आई, सगळा इला! एक फाइल सुटूक नाय. जुनी डिस्क मात्र खलास."

मी प्लगचं सांगितलं.

"दुसरोच प्लग काडला असशील."

"त्याका तांबडी चिंधी मीच बांधलेली आसा. आत बॅटरी आसा काय रे?"

"नाय गे." मग त्याने तिकडची नोंद उघडून बघितली. "माझ्याकडे कनेक्शन तुटला तेव्हा कॉपी अर्धीसुद्धा जावंक नव्हती..."

त्याला कारण सापडलेलं नाही, मला तर नाहीच. त्यानंतर कितीदा गडगडलं. प्लग काढला की पेटी लगेच बंद पडते, पडायला हवी तशी. मी प्लग हातात धरून थोडा वेळ उभी राहते, एवढंच.

त्या दुपारी घरात दुसरं कोणी नव्हतं. हे बघितलं ते मी, एकटीने.