सर्दी असलेल्यांनी येऊ नये

भास्करच्या मुलीचा, सुजाताचा नवरा स्कूटर बंद न करताच फाटकाशी उभा राहिला, तेव्हाच मी काय ते समजलो. "काका, बाबा गेले. सकाळी चहा पिता पिता..." एवढंच तो म्हणाला. भास्कर पगारे, आमच्या शाळेतला भूगोलाचा मास्तर आणि माझा सव्वीस वर्षांचा सोबती. आणि मी पहिला प्रश्न काय विचारावा? "छातीचं काही होतं का रे?" तो म्हणाला, "नाही हो काका, हार्ट अटॅक. छातीचं काहीच नव्हतं. डॉक्टर तर म्हणाले, फुप्फुसं अगदी स्वच्छ होती." ते ऐकून मी दाराजवळच्या खुर्चीवर मटकन बसलो आणि लगेच उठलो, कारण ती खुर्ची त्याची होती. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. शाळेने शोकसभा घेतली, तीत मीही बोललो. चांगला बोललो, असं लोक म्हणाले. पण जे बोलायला हवं होतं ते तिथे बोललो नाही, ते इथे लिहितो आहे.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. द्वारका चौकातल्या एका रद्दीवाल्याकडून भास्कर जुनी इंग्रजी मासिकं आणायचा आणि त्यातले नकाशे कापून वर्गात लावायचा. अशाच एका अंकात डोंगरी गोरिलाचं चित्र निघालं. धुकं, ओला पाला आणि त्यात बसलेला तो अवाढव्य नर. पाठीवरचे केस पिकलेले, हातात कसलासा देठ. मधल्या सुट्टीत भास्करने तो अंक माझ्यापुढे धरला. "दत्ता, चेहरा बघ याचा. घरात कुणी ऐकत नसलं की बाप असाच बसतो." दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, आपण दोघांनी रुवांडाच्या जंगलात जाऊन याला भेटायचं. ज्यांची सगळ्यात लांबची सहल सापुताऱ्यापर्यंत गेलेली, अशी आम्ही माणसं! मी लगेच हो म्हटलं. असल्या गोष्टी प्रत्यक्षात थोड्याच होतात, या भरवशावर म्हटलं. भास्करचा हो मात्र खरा होता. त्याने कामांची वाटणीही करून टाकली. नकाशे, पासपोर्ट, विमान, पुढच्या बसगाड्या हे सगळं त्याच्याकडे आणि पत्रव्यवहार माझ्याकडे. तिथला कारभार फ्रेंचमधून चालतो म्हणून एका फाटक्या पुस्तकावरून मी फ्रेंच शिकायला बसलो. घर बांधायचा विचार त्याने पुढे ढकलला. वहिनी हसत म्हणायच्या, "माकडासाठी घर अडवणारा माणूस माझ्याच नशिबी यायचा होता!"

दर रविवारी आम्ही अंजनेरी चढायचो. चिखलात, कारवीतून वाट काढत, कारण तिथे वाटा नसतात असं त्याने वाचलं होतं. गोरिलासमोर कसं वागायचं तेही तो वाचून आला होता. खाली बसायचं, नजर जमिनीवर ठेवायची, पाला चघळायचा, घशातून हलकेच हुंकार द्यायचा. एकदा आम्ही असे उकिडवे बसून हुंकारत असताना मोळी घेतलेली एक म्हातारी समोर येऊन थांबली.

"काय सांडलं का वं मास्तर?"

"नाय मावशी, सराव चाललाय," भास्कर अगदी गंभीरपणे म्हणाला. "आफ्रिकेतल्या माकडाला भेटायला जायचंय."

"अन् इथल्यांनी काय घोडं मारलं? इथं लय हायेत की!"

भास्कर इतका हसला की त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर, उतरताना त्याने मला सांगितलं, की विसाव्या वर्षी त्याला क्षय झाला होता. वर्षभर औषधं घेतली, पूर्ण बरा झाला, पण शाळेत कुणाला माहीत नव्हतं. "तुलाच सांगतोय," तो म्हणाला. मग नेहमीसारखा थट्टेवर आला. गोरिलापासून सात-आठ पावलं लांब उभं राहावं लागतं, हे त्याला फार गमतीचं वाटायचं. "ते मला शिकवायला नको. माझा आजा जन्मभर तुमच्या सायखेड्याच्या विहिरीपासून लांबच उभा राहिला." मी हसलो. त्याच्याबरोबर हसायची मला सवय झाली होती. पण ती विहीर आमच्या मळ्यातली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

वर्षा-दीड वर्षाच्या पत्रापत्रीनंतर तिकडून उत्तर आलं. दोन जागा आहेत, कोणत्या महिन्यात येता ते कळवा. तोवर हा खेळ होता. आता विमान होतं, परका मुलूख होता, घरात सासऱ्यांपासून सगळ्यांची नाराजी होती, आणि शाळेत पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती. ती मला हवी होती, आणि तेव्हा महिनाभर गैरहजर राहणं परवडणारं नव्हतं. 'भास्कर, मला नाही यायचं,' हे चार शब्द बोललो असतो तर तो दोन दिवस रागावला असता आणि एकटा गेला असता. माझ्याने ते झालं नाही. पत्रात शेवटी एक सूचना होती. आपले आजार गोरिलांना लागतात, म्हणून त्या दिवशी सर्दी, खोकला किंवा ताप असलेल्यांनी येऊ नये, त्यांना तळावर थांबवलं जाईल. पत्र वाचता येणारा मी एकटा. माझ्या घरी, कप पुढे ठेवून, मी त्याला वाचून दाखवलं, की छातीचा आजार ज्यांना कधीही झाला असेल त्यांना परवानगी नाही.

तो बराच वेळ पत्राकडे बघत राहिला. त्याला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं... "बरोबर आहे त्यांचं," शेवटी म्हणाला. "माझ्यामुळे त्या मुक्या जिवांना काही व्हायला नको. तू जा दत्ता. तुझी छाती ठणठणीत आहे." मी म्हणालो, तुझ्याशिवाय कसला जातोय मी! त्याचे डोळे भरून आले. जाताना आठवण म्हणून ते पत्र त्याने मागून नेलं. पुढे स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, कुणालाही तो अभिमानाने सांगायचा, "माझ्यासाठी दत्ताने आफ्रिका सोडली." आणि मी शेजारी बसून मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

पर्यवेक्षकाची जागा मला मिळाली. त्याने पेढे वाटले. पण माझ्या घरी आला की तो आतल्या कोचावर बसेनासा झाला. दाराजवळची लाकडी खुर्ची त्याने स्वतःच निवडली. खोकला आला की उठून अंगणात जायचा. माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, माझा कप वेगळा ठेवत जा." ती म्हणाली, "भाऊजी, काहीतरीच काय!" आणि माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी पेपर उघडला. ज्या माणसाच्या आजाला आम्ही लांब उभं केलं, त्याचा नातू आता आपणहून लांब बसत होता, आणि ते माझ्या एका वाक्यामुळे. तरी मी पेपर वाचत राहिलो. याला दुबळेपणा म्हणून सोडून देता येत नाही, तो नीचपणाच होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आठवड्याने सुजाता आली. हातात तेच पत्र, घड्यांवर विरलेलं. "बाबांच्या ट्रंकेत होतं. त्यांचं स्वप्न काय होतं ते मला ऐकायचंय. वाचून दाखवता काका?" ती नकळत त्याच्याच खुर्चीवर बसली होती. मी चष्मा लावला. पुन्हा तेच खोटं वाचणं सोपं होतं, अजूनही ते पत्र वाचू शकणारा मी एकटाच होतो. मी ओळ न् ओळ खरी वाचली.

"त्या दिवशी?" तिने विचारलं. "कधीही झालेला असेल तर, असं नाही?"

"नाही. फक्त त्या दिवशी. कधीही हे... मी घातलं."

तिने पत्राची घडी घातली. चहाचा कप तसाच होता. दारात थांबून एवढंच म्हणाली, "बाबांनी माझ्या बाळाला कधी मांडीवर घेतलं नाही, काका. लांबूनच खेळवायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना लहान मुलांचा कंटाळा आहे."

त्यानंतर ती आलेली नाही, आणि तिने यावं अशी अपेक्षा धरायचा मला हक्क नाही. परवा साफसफाई करताना बायकोने ती खुर्ची आत कोचाशेजारी आणून ठेवली. मी ती उचलली आणि पुन्हा दाराजवळ नेली. रोज संध्याकाळी मी कोचावर बसतो, तेव्हा ती समोर दिसते. मधे सात-आठ पावलं आहेत.