माझ्या डब्यातली चटणी

दौंडच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. दुपारी आम्ही सगळ्याजणी डबे मधोमध उघडायचो आणि माझी शेंगदाण्याची चटणी पहिल्या झटक्यात संपायची. सगळ्यात जास्त हाणायची ती केडगावहून पॅसेंजरनं येणारी माझी मैत्रीण. मोठ्या मनाची बाई. जुलाब-उलट्यांची साथ आली तेव्हा पेशंटची घाण तिनं नाक न मुरडता काढली होती, एका बाळंतिणीला स्वतःची साडी देऊन टाकली होती.

मग स्वाइन फ्लू आला. पुण्यात माणसं गेल्याच्या बातम्या यायला लागल्या आणि आमची मोठी मनं पार आखडली. स्टाफमध्ये पहिला ताप मला आला. आमच्याच वॉर्डच्या टोकाच्या खोलीत मला टाकलं.

दुसऱ्या दिवशी सलाइन संपलं आणि नळीत रक्त उलटं चढायला लागलं. मी हाका मारल्या. खिडकीत मैत्रीण आली, तोंडावर दोन-दोन मास्क.

"अगं, संपलंय सलाइन. आत ये."

"घरी ल्हान पोरगी हाय माझी," ती म्हणाली. "तुला येतंय की. तुझी तूच बंद कर."

मी डाव्या हातानं नळी बंद केली, सुई उपसली, कापूस दाबून धरला. "झालं ना?" असं विचारून ती गेलीसुद्धा. असा संताप आला की उतरत आलेला ताप पुन्हा चढला.

बरी होऊन कामावर आले. डबे उघडले, पण माझ्या चटणीला कुणी बोट लावेना. "आज भूक न्हाई गं," मैत्रीण म्हणाली आणि दुसरीच्या डब्यातली भाजी ओढून घेतली.

पुढच्या आठवड्यात तीच तापली. तिलाही त्याच खोलीत टाकलं. "तुला होऊन गेलाय, तूच जा," म्हणून सगळ्यांनी मला पुढं केलं. गेले. तिचं अंग पुसलं, भांडं दिलं, रक्त चढायच्या आत बाटली बदलली. कुठं म्हणून कसूर केली नाही.

"राग न्हाई ना धरलास?" ती रडत म्हणाली.

"ड्यूटी आहे," मी म्हटलं.

"तोंडाला चव न्हाई गं. तुझी चटणी दे की चिमूटभर."

"खिचडी येईल, ती खा."

बाहेर व्हरांड्यात तिच्या खिडकीसमोर बसले, डबा उघडला आणि सगळी चटणी एकटीनं संपवली. तिथून तिला मी नीट दिसत होते.