रोझरीभर उकळलेलं पाणी

मद्रिनाने येर्बाची वाटी घेतली नाही, तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय.

आमच्या वस्तीत, ताको सापात, दारात आलेल्या माणसाला आधी वाटी देतात. भोपळ्याची वाटी, आत येर्बाचा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, पाला, वर कढत पाणी, आणि एक नळी. दुश्मन आला तरी आधी ओढतो, मग भांडतो. मद्रिना तर अकरा वर्षं येतेय. गाडीतून एक पाय खाली टाकला की तिचा हात पुढे. त्या दिवशी आईने वाटी पुढे केली आणि ती नुसती वाटीकडे बघत उभी.

"कोमाद्रे," मानलेल्या बहिणीला म्हणतात तसं ती म्हणाली, "हे पाणी कुठलं?"

आई हसली. "कुठलं म्हणजे? तुमचंच. आम्हाला दुसरं आहे कुठं?"

मद्रिनाने वाटी सोडून आईचा हात धरला. उताणा केला आणि उन्हाकडे वळवला. आईने हात ओढून ॲप्रनमध्ये लपवला. मग मद्रिनाने माझ्याकडे बघितलं. माझ्या कडेवर माझा सिरियाको, सात महिन्यांचा, तोंडात दुधाची बाटली. तिचा चेहरा असा झाला की मी ती बाटली ओढूनच घेतली. का, ते मलाच कळलं नाही. पोरगं बोंबलायला लागलं.

मद्रिनाचं खरं नाव एदेल्मिरा कोरोनेल. सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासते. बुटकी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि वाळूत पिकअप अशी चालवते की बकऱ्यासुद्धा बाजूला होतात. बाटल्या ठेवायला बिअर थंड ठेवायचा जुना डबा. त्या बाटल्यांशी बोलते पण. "थांब गं, पडशील," असं. तिचा बाप रेल्वेत होता. पूर्वी आमच्या या खारट मुलखात पाण्याच्या टाक्या रेल्वेने यायच्या, तो त्यांची झाकणं उघडायचा. खाली बायका भांड्यांनी एकमेकींची डोकी फोडायच्या आणि ही पोरगी टाकीवर बसून ते बघायची. पुढे रेल्वे बंद पडली. ती म्हणते, पाण्याचं काम करायचं ते तेव्हाच ठरलं. दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी तोंडावर हसले असते. ती बोलली तर खरं.

बोअर यायच्या आधी आम्ही बकऱ्यांच्या तळ्यातलं प्यायचो. माझा धाकटा भाऊ त्या पाण्याने चार दिवसांत गेला, जुलाब होऊन. मद्रिनाने साहेबांच्या दारात बसून बसून मशीन आणलं. पहिल्या दोन जागी खारट लागलं. तिसऱ्या जागी गोड. गोड! बायका मातीत बसून रडल्या. मग हापसा बसला, पाद्री आला, अकॉर्डियनवाला आला, बकरं भाजलं. आमच्याकडे पोराला जशी मद्रिना असते, मानलेली आई, तशी बोअरलाही लागते. फीत कापायची तिने, आणि पहिला ग्लास प्यायचा तोही तिनेच. त्या दिवसापासून ती अख्ख्या वस्तीची नातेवाईक.

फीत कापली त्या दिवशी जाताना ती म्हणाली होती, "पाणी उकळून प्या. चांगलं खळखळलं की मिनिटभर."

आईला मिनिट काय माहीत! आमच्या घरात घड्याळ नाही. तिने ठरवलं, मद्रिनाचा शब्द आहे, त्यात कमी नको. किटली निखाऱ्यावर ठेवायची आणि जपमाळेवर अख्खी रोझरी म्हणायची. पाची दहाके, दहा-दहा मण्यांची, शेवटच्या मण्यापर्यंत. तिचं बघून सगळ्या बायका तसंच करायला लागल्या. पाणी अर्ध्यावर यायचं. आम्हाला वाटायचं, राहिलं ते अमृत. आणि खरं सांगते, त्यानंतर जुलाबाने एक पोर गेलं नाही.

तर वाटी न घेतलेल्या त्या दिवशी मद्रिना स्वयंपाकघरात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आहे."

"ते काय?" मी विचारलं.

"सोमल, नेली. उंदराला घालतात तो. जमिनीतूनच येतो. रंग नाही, वास नाही, चव नाही."

आई म्हणाली, "कुणी टाकला?"

"कुणीच नाही. खडकातच असतो. आम्ही तेव्हा जंतू बघितले, मीठ बघितलं. सोमलाचं मशीन आमच्याकडे नव्हतं. बाटली लांब दुसऱ्या शहरात पाठवली होती. उत्तर आलंच नाही. इकडे पाद्री ठरलेला, बकरं कापलेलं. मी थांबायला पाहिजे होतं, कोमाद्रे. थांबले नाही. ग्लास उचलला आणि प्यायले." तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आता नवीन मशीन आलंय. पहिली बाटली मी तुमची लावली. दहाच्या वर नको. तुमची एकशे ऐंशी आली."

"दहा काय? एकशे ऐंशी काय?" मी ओरडले.

"काय ते सोड. दहाच्या जागी एकशे ऐंशी."

आई एकदम हसली, सुटल्यासारखी. "अहो पण आम्ही कच्चं कुठं पितो? उकळतो ना! रोझरीभर!"

"किती वेळ?"

"रोझरीभर. अख्खी."

मी मद्रिनाला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. एकदा गाडीखाली साप निघाला तर तिने त्याला शिव्या घातल्या होत्या. आता तिचे ओठ पांढरे पडले. "उकळून जंतू मरतात," ती हळू म्हणाली. "सोमल मरत नाही. पाणी उडून जातं, तो किटलीतच राहतो. घट्ट होत जातो."

मी हातातल्या बाटलीकडे बघितलं. पावडरचं दूध, रोझरीचं पाणी. दिवसाला सहा बाटल्या. सात महिने. मला हिशोब येत नाही, पण तो एक मी केला.

"आजच गावाला सांगायचं," मद्रिना म्हणाली.

"नको," मी म्हणाले. "मारतील तुला."

आमच्या जमिनीची भानगड तिला ठाऊक होती. गेल्या हिवाळ्यात काटेरी तार घेऊन माणसं आली होती. म्हणे ही जमीन कागदावर दुसऱ्याची आहे, इथे सोयाबीन होणार. सेगुंदो मामाची कोळशाची भट्टी त्यांनी ट्रॅक्टरने मोडली. आम्ही हटलो नाही, का, तर पाणी होतं. आता कुणी येऊन म्हटलं की पाणी वाईट आहे, तर त्याचा अर्थ एकच: निघा.

"तू आत्ता गाडीत बस," मी म्हणाले. "मी उद्यापासून एकेकाला हळूहळू सांगते."

"उद्यापर्यंत ह्याच्या सहा बाटल्या होतात," ती म्हणाली आणि उठली.

दुपारची झोप संपली तशी आम्ही झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजवला. चाळीसेक माणसं हापशापाशी जमली. सेगुंदो मामा रानातून तसाच आला, खांद्यावर कुऱ्हाड. पाणी कमिटीचा तो मुख्य. मद्रिनाने सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी, मग सोमलाने तळहातावर कडक दाणे उठतात तेही.

मग मामा म्हणाला, "किती दिले त्यांनी, मद्रिना?"

"कुणी?"

"तारवाल्यांनी. ट्रॅक्टरने निघालो नाही, आता तुमच्या कागदाने काढताय?"

"मामा, जीभ सांभाळ!" मी ओरडले. "हिने दिलेलं पाणी इतकी वर्षं पितोस आणि..."

"तू गप गं, सातवीत पळालेली."

"तू तर शाळेचं दारही बघितलं नाहीस!"

दोघं-चौघं हसले. पण मागून फुस्स असा आवाज आला आणि हसू थांबलं. कुणीतरी पिकअपच्या चाकातली हवा सोडत होतं. एक चाक. मग दुसरं. मद्रिनाने मान वळवली नाही. मागे सरकलीही नाही.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "आधी ठेवलात तेच चुकलं. पाणी तुम्ही भरा. मी हात लावत नाही."

तिने डब्यातून तीन छोट्या बाटल्या काढल्या. पाण्यात दोन पुड्या टाकायच्या, झाकणात कागदाची पट्टी अडकवायची, घट्ट बंद करायची. सोमल असेल तर पट्टी पिवळी, मग तपकिरी. पहिली बाटली मामाने स्वतः हापसा मारून भरली. दुसरी किटलीतली. आईने सगळ्यांसमोर तीन दगड मांडले, निखारे आणले, किटली ठेवली आणि रोझरी सुरू केली. सवयीने बाकीच्या बायका उत्तरं द्यायला लागल्या. मी पण. नमो मारिये, नमो मारिये. रोज मी हे पोराला मांडीवर घेऊन म्हणायचे. आज प्रत्येक मण्याला वाटत होतं की थांबव, थांबव, ओत ते.

मामा तेवढ्यात कुठेतरी गेला आणि पाण्याने भरलेला जग घेऊन आला. "तिसऱ्यात हे घाला."

"काय आहे ते?"

"ते तुम्ही सांगा. तुमची पूड कशातही रंग आणत असेल तर आत्ताच कळेल."

मद्रिना म्हणाली, "शाबास, सेगुंदो." मनापासून म्हणाली. मामाला ते आवडलं नाही.

पट्टीलाही जवळजवळ रोझरीभरच वेळ लागतो. आईने दुसरी सुरू केली, पण आता तिच्या मागून कुणी म्हणेना. सगळे वाकून बघत होते. ऊन, माश्या, आणि आईचा एकटीचा आवाज. तिसऱ्या दहाकाला हापशाची पट्टी पिवळी झाली. चौथ्याला किटलीची पट्टी तिच्याही पुढे गेली, जळलेल्या भाकरीसारखी तपकिरी. मामाची पट्टी पांढरी. शेवटपर्यंत पांढरी.

"शाळेच्या छपराखालचं पिंप," मामा पुटपुटला. "पावसाचं."

आईचा आवाज मध्येच तुटला. मणी हातात तसेच. ती उठली, मामासमोर गेली आणि दोन्ही तळहात त्याच्या तोंडासमोर उघडले. ज्वारीएवढे कडक दाणे, सगळीकडे. मी तिची मुलगी, मी ते कधी नीट बघितले नव्हते.

"हे बघ," ती म्हणाली. "मी आयुष्यात कुऱ्हाड धरलेली नाही, सेगुंदो."

मामाने कुऱ्हाड खाली ठेवली. स्वतःचे हात उघडले. त्याच्यामागे बाकीच्या पुरुषांनी उघडले. सगळ्यांच्या हाताला घट्टे, आणि त्यातले कुऱ्हाडीचे कुठले आणि पाण्याचे कुठले ते कुणालाच सांगता येईना. मला ओरडावंसं वाटलं, पण पोरगं कडेवर झोपलं होतं.

मग मामा फाटकाची साखळी आणि कुलूप घेऊन आला. "उघडलं तुम्ही. बंद पण तुम्हीच करा."

मद्रिनाने हापशाच्या दांड्याला साखळी गुंडाळली. किल्लीला भोक सापडेना. मामाने तिचं मनगट धरलं, तेव्हा कुलूप लागलं. किल्ली तिने आईच्या गळ्यात घातली, जपमाळेशेजारी.

टँकर तिसऱ्या दिवशी आला. तोवर शाळेचं पिंप कपाकपाने, आधी पोरं, मग म्हाताऱ्या. मद्रिना आमच्याकडेच राहिली. हवा सोडणाऱ्यांनीच तिच्या चाकांत पंपाने हवा भरली, खाली मान घालून. जाताना तिने सिरियाकोची लघवी बाटलीत धरली आणि चिठ्ठीवर त्याचं पूर्ण नाव लिहिलं.

मी विचारलं, "मरेल का गं हा?"

दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं, छे, काहीतरीच. ती म्हणाली, "मला माहीत नाही, नेली. उत्तर आल्याशिवाय मी आता कशालाच चांगलं म्हणणार नाही."

त्या बोलण्यावरच मी एकोणीस दिवस काढले. वस्तीत काही बायका अजून कुजबुजायच्या की तिनेच विष पाजलं. एकीचा घडा मी फोडला. पश्चात्ताप नाही.

विसाव्या दिवशी तिच्या गाडीची धूळ दिसली. मी पोराला घेऊन दारात उभी राहिले. तिने गाडी थांबवायच्या आधीच काचेतून ओरडून सांगितलं, "प्रमाण वाढलेलं आहे! खूप वाढलेलं. पण ते त्या दिवशीचं. आता बाटली परत भरायची."

"कमी होईल?"

"व्हायला पाहिजे. लहान आहे तो, नवीन जात नसेल तर अंगातलं बाहेर पडतं."

"आणि नाही झालं तर?"

"तर परत भरायची. मी येते ना."

आईचं तसं नाही. तिचे दाणे जाणार नाहीत, हे मद्रिनाने तिला तोंडावर सांगितलं. एक जखम आहे पायाला, ती शहरात दाखवायची आहे. तारीख ठरलीय, मद्रिनाच नेणार आहे.

आईने वाटी भरली. "छपराचं पाणी आहे, कोमाद्रे. उकळलंय."

"किती?"

"खळखळेपर्यंत. मग एक 'आमच्या बापा' प्रार्थना, बस्स."

मद्रिनाने वाटी घेतली. ओढली. मी तिच्या घशाकडे बघत होते.

मी रोज सकाळी सिरियाकोचे तळहात उताणे करते आणि उन्हाकडे वळवते. त्याला वाटतं मी खेळतेय, तो माझं बोट धरतो. अजून मऊ आहेत.