मंदाचा डावा हात

मंदाले कॅन्सरनं नेलं. पन तिचा हात नाही सुजू देल्ला आमी.

मंदा माही धाकटी जाव. आज वर्ष झालं तिले जाऊन.
फोटोत तोंड फुगवून बसली हाय. म्याच चिडवलं होतं तवा.

अकोल्यात तिचं छातीचं ऑपरेशन झालं. डाव्या काखेतल्या गाठीबी काहाडल्या, त्यानं हात सुजाचा धोका राह्यते.
घरी आली तं गल्लीतल्या बायाइनं तिचा हात ओढणीनं गळ्यात बांधून टाकला.
"हलवू नको व. सुजते."
कोनी भाकरी आने, कोनी तिची वेनी घाले. सारं मायेनंच. पन खांदा पार आखडला.

म्या म्हनलं, "रानी झाली व तू."
ती रडाले लागली. डोक्यावर पदर घ्याले हात वर जात नव्हता.

मंग फिजिओथेरपीवाल्या पोरीकडं नेलं. तिनं पयले ओढणी सोडली.
"हात रोज हलवा. वजनबी उचला, पन हळूहळू वाढवत. अंगाचं वजन वाढू देऊ नका. खरचटू देऊ नका. हात लाल झाला, ताप आला, तं त्याच दिवशी दवाखाना. हात जड वाटला, बांगडी रुतली, तरी दाखवा."

"त्या हातात सुई टोचली तं?"
"दुसरा हात असला तं बरं. पन एखाद्या वेळी टोचली म्हनून घाबरू नका."

"मंग सुजनार नाही ना?"
"गॅरंटी नाही काकू. धोका कमी होते."

रोज सकाळी भिंतीवर बोटं चढवाले लावली तिले.
"मुंगी तुह्याहून लवकर चढते व."
मले शिव्या देत देत चढवे. हात गेला वर.

मंग मंदाच्या पोरीचं लग्न निघालं. चुडा भराले कासारीन आली.
आमच्याकडं बांगडी हाताले दाबून बसली पायजे. ढिली कोनी भरत नाही.
विधवा बाई दूर बसते. मी ओसरीवर होतो. तिथूनच म्हनलं, "डाव्या हातात ढिल्या भर व."

एक आत्या फटकन बोलली, "जिच्या हातात बांगडी नाही, तिनं माप सांगू नये."



मंदानं हात मांगं घेतला.
"बाई, इकडं या. माह्याजोळ बसा. तुमी पाहा, मंगच भरतो."

बसलो मी तिच्याजोळ. बोट जाईन इतक्या ढिल्या भरल्या.
वरातीत छनछन करत नाचली येडी बयताड.

मंग बिमारी हाडात गेली. तिथं आमचं काही चाललं नाही.

शेवटी शेवटी ती खाटेवर, मी उशाशी. माह्या पोटात अन्न नव्हतं.
तिनं डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. माह्या तोंडाजोळ आनला.
"खा व बाई. नाही तं तुमीच माह्या अगोदर जासान."

खाल्ला म्या घास.

मंदे, घर लय गप झालं व. भांडाले कोनी नाही.
सुखात राय बाई.
तुह्या मोठ्या जावेचा रामराम.